दातांच्या तारा, दुखणं आणि हळद
तारा बसवतानाच खूप दुखतं असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय, ते पटलं नाही. लेकीला खुर्चीत तासभर तोंड उघडं ठेवून कंटाळा आला, एवढंच. ठणका लागला संध्याकाळी. मग तीन-चार दिवस मऊ वरणभात. त्याहून जास्त ती कुरकुरली होती आठवडाभर आधी, दाढांच्या फटीत जागा करायला रबरी रिंगा घातल्या तेव्हा.

हळदीबद्दल मात्र कुणीच बोललं नाही! ब्रॅकेटवर (दातावर चिकटवतात त्या छोट्या तुकड्यावर) तार धरून ठेवणारी इवलीशी रबरं आम्ही हौसेने पारदर्शक घेतली, ती दोन दिवसांच्या आमटीत पिवळीजर्द. पुढच्या भेटीत, म्हणजे चार-सहा आठवड्यांनी बदलतात, तोवर तसंच हसायचं. आता राखाडी घेतो. आणि तार गालाला टोचली तर लावायचं मेण डॉक्टरांकडून आधीच मागून ठेवा.