अनुभव धागा: आपण शिकवतो ते पोहोचतं का?

खडूची भुकटी

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी पदवीला फिजिक्स शिकवतो, वीस वर्षं झाली. परवा एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) तोंडीला एका पोराला न्यूटनचा तिसरा नियम विचारला. घडाघडा म्हणून दाखवला, इंग्रजीतून, स्वल्पविरामासकट. मग विचारलं, "उसाची ट्रॉली आणि अ‍ॅक्टिव्हा समोरासमोर धडकल्या. कोणी कोणावर जास्त बल लावलं?" तो म्हणाला, "ट्रॉलीनं. काय सर, अ‍ॅक्टिव्हाचं काय राहणारे?" त्या दिवशी चौदांपैकी बारा जणांनी हेच सांगितलं.

हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझुर यांच्यावरही हीच वेळ आली होती, हे वाचून जरा धीर आला. अवघड गणितं सोडवणारी त्यांची मुलं साध्या संकल्पनांच्या चाचणीत अडखळली. एका मुलीनं तर विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला एरवी वाटतं तसं? १९९१ पासून त्यांनी तासाला मुलांनाच एकमेकांशी वाद घालायला लावलं. मी त्याचा गावठी अवतार काढला. फळ्यावर एक प्रश्न, चार पर्याय. आपल्या पर्यायाच्या नंबराइतकी बोटं छातीशी धरायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत. मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी भांडण, मग परत बोटं. (पहिल्या दिवशीचा गोंगाट ऐकून प्राचार्य डोकावून गेले.) सगळे बरोबर आले तर भांडणात राम नाही, सगळे चुकले तरी नाही. साधारण अर्धा वर्ग चकेल असा प्रश्न लागतो, आणि तसा एक काढायला कधीकधी माझी रविवारची दुपार जाते. ट्रॉलीचा गुंता एका मुलीनं सोडवला: "बल सारखंच रे, पण गाडी हलकी, म्हणून तीच उडते." हेच मी वीस वर्षं सांगत होतो.

तुमचे अनुभव लिहा. फसलेलेही चालतील, किंबहुना तेच आधी.

ब्युरेटबाई

केमिस्ट्री. आमच्याकडे सीबीआर नावाचं दैवत आहे, म्हणजे ब्युरेटचं (द्रावण थेंब थेंब सोडून मोजायच्या काचेच्या नळीचं) 'कॉन्स्टंट' रीडिंग. तीन रीडिंग सारखी आली पाहिजेत, म्हणून ती येतातच. कारण मागच्या वर्षीचं जर्नल बाकाखाली उघडं असतं. एकदा मी मुद्दाम पाणी घालून आम्ल पातळ केलं आणि कोणालाच सांगितलं नाही. सगळ्या बॅचचं रीडिंग आलं १०.२, म्हणजे जर्नलमधलं!

तेव्हापासून प्रत्येक जोडीला वेगळ्या तीव्रतेचं द्रावण देते, बाटलीवर फक्त नंबर. लॅब असिस्टंट दादा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, कारण बाटल्या भरायच्या त्यांना. पण दुसऱ्या महिन्यात एक मुलगी फ्लास्क घेऊन आली, आत फिनॉल्फ्थॅलिनचा (प्रयोग कुठे थांबवायचा ते रंगानं दाखवणाऱ्या दर्शकाचा) चांगला राणी रंग. "मॅडम, एक थेंब जास्त पडला. आधी अगदी फिक्कट गुलाबी आला होता, तेच खरं ना? मी परत करू?" त्याआधी मला कोणी 'परत करू का' विचारल्याचं आठवत नाही. मार्क मात्र अजून तीन सारख्या रीडिंगनाच असतात, ते माझ्या हातात नाही.

मागचा बाक

मी शिकवत नाही, शिकून बाहेर पडलोय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीला 'इनर्शिया' ऐकून वाटलं, हे काहीतरी नवीनच प्रकरण. दोन महिने मान डोलावली. मग गणिताच्या एका सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात रोज पाच शब्द लिहायला सुरुवात केली: इनर्शिया म्हणजे जडत्व, अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे त्वरण. जडत्व तर मला नववीपासून येत होतं! बाकी शिकवणं इंग्रजीतच होतं, त्यानं काही बिघडलं नाही.

तासिका तत्त्व

सगळ्यांचे प्रयोग छान आहेत, खरंच. पण मी दोन कॉलेजांत तासावर शिकवतो. मधे एसटी. रविवारची दुपार प्रश्न काढण्यात घालवायची तर तिचे पैसे कोणी देत नाही, आणि तासांचेही वेळेवर येतात असं नाही. वर 'सीओ-पीओ मॅपिंग' भरायचं, म्हणजे विषयाची उद्दिष्टं पदवीच्या उद्दिष्टांशी जुळवल्याचे तक्ते. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांनी १९५६ मध्ये शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या, त्या आमच्याकडे प्रश्नपत्रिकेच्या उजव्या रकान्यात उतरल्या. प्रश्न तोच, 'व्याख्या लिहा'. समोर एल४, म्हणजे विश्लेषण. सगळ्यांना माहीत असतं, सगळे सही करतात.

तरी एक गोष्ट बिनखर्चाची करतो. प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहा आकडे मोजतो. आधी दुसऱ्या सेकंदाला उत्तर मीच देऊन मोकळा व्हायचो. पहिले सात आकडे फार जड जातात.

इतिहासाच्या मॅडम

@तासिका तत्त्व, ते दहा आकडे मीही उचलते. माझं बिनखर्चाचं हे: तास संपताना पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या, नाव लिहायचं नाही. 'आज काय कळलं नाही?' एवढंच. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सगळं कळलं होतं. तिसऱ्यात एक चिठ्ठी आली: 'वसाहतवाद म्हणजे एमआयडीसीच्या वसाहतीसारखं का?' मी तासभर डच, पोर्तुगीज, प्लासीची लढाई करत होते आणि त्या मुलाच्या डोळ्यांसमोर शेड आणि कंपाउंड!

हसू आलं, मग वाटलं, विचारलंय तर किती रास्त. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात केली: जमीन कोणाची, माल कुठे जातो, फायदा कोणाला. अर्धा वर्ग शेतकऱ्यांचा, त्यामुळे वाद असा रंगला की पुढच्या तासाचे सर दारात ताटकळले.

कंपायलर एरर

इंजिनिअरिंग. माझं फसलेलं घ्या. 'व्हिडिओ घरी बघून या, वर्गात फक्त सोडवू.' चाळीस मिनिटांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. सत्तरपैकी तिघांनी बघितला, त्यातल्या एकानं दुप्पट वेगानं. मग मला वर्गात तेच चाळीस मिनिटं परत शिकवावं लागलं, त्या तिघांना जांभया. आता सहा मिनिटांच्या वर जात नाही, आणि बाकीच्यांसाठी कोड वर्गात मुद्दाम चुकवून लिहितो. सरांची चूक पकडायला शेवटचा बाकही जागा असतो. वाईट इतकंच की हल्ली खरी चूक झाली तरी 'मुद्दाम केली' म्हणता येतं.

खडूची भुकटी

इतिहासाच्या मॅडम, चिठ्ठ्या आज करून बघितल्या. चौपन्न आल्या. बहुतेक कोऱ्या, दोघांनी 'सर छान शिकवता' लिहिलंय (सबमिशन जवळ आलंय). एक मात्र अशी: 'मागून फळ्याचा खालचा अर्धा भाग दिसत नाही.'

वर्ग रिकामा झाल्यावर जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. दिसत नाही. पुढे कोणी बसलेलं नसतानाही टेबल आणि पोडियम आडवं येतं. मी सूत्रं नेहमी वर लिहितो आणि उत्तरापर्यंत खाली येतो. टेबल जमिनीला ठोकलेलं आहे. सध्या फळ्यावर कमरेच्या वर एक आडवी रेघ मारून आलोय. उद्या पहिला तास एफवायचाच आहे.