युबी ब्लेक शंभर वर्षं जगला की नाही?

ठाणेकर_कीबोर्ड:
मंडळी एक शंका. सध्या पियानोवर युबी ब्लेक या काळ्या अमेरिकन पियानोवादक-संगीतकाराचा 'चार्ल्सटन रॅग' बसवतोय (रॅगटाइम, म्हणजे ठोका चुकवत वाजवायचं जुनं अमेरिकन संगीत), डावा हात जाम छळतोय, सप्तक फोडत खाली उतरणारा बेस आणि वर उजव्या हाताचं काहीतरी तिसरंच चाललेलं. असो. माणूस कोण म्हणून शोधायला गेलो तर कुठे जन्म १८८३, कुठे १८८७. गेला १९८३ ला. मग शंभरी गाठली की नाही? आणि आधी व्हॉडव्हिलमध्ये होता म्हणे, तिथे नेमकं काय करायचे?

पायपेटी:
१८८७ धर. तो स्वतः १८८३ सांगायचा, त्यामुळे ७ फेब्रुवारी १९८३ ला शंभरी दणक्यात साजरी झाली आणि पाचच दिवसांनी गेला. पण सरकारी कागदांवर १८८७ आहे, म्हणजे ९६. तेही काय कमी आहे का!
बाल्टिमोरचा. आईवडील दोघंही आधी गुलाम होते. घरी ऑर्गन घेतला तो आठवड्याला २५ सेंटच्या हप्त्यावर, आपल्या संगीत नाटकात साथीला असायचा त्याच जातीचा, पायाने भाता मारायचा. आई एकदम देवभोळी, घरात रॅगटाइम वाजवलेला खपायचा नाही. हा पठ्ठ्या पोरसवदा वयात रात्री खिडकीतून पळून कोठ्यावर पियानो वाजवायला जायचा, स्वतःची फुल पँट नव्हती तर ती भाड्याने घ्यायचा :) शेवटी एका शेजारणीने नुसत्या वाजवण्यावरून ओळखलं आणि आईला सांगितलं.

मधुरा_एन:
व्हॉडव्हिलचं मी सांगते. एका तिकिटात जादू, कसरत, विनोद, गाणं, सगळं, प्रत्येकाला ठरलेली मिनिटं. १९१५ मध्ये याला नोबल सिसल भेटला, सिसल शब्द लिहिणार आणि गाणार, ब्लेकची चाल आणि पियानो. पहिल्या महायुद्धानंतर दोघं 'डिक्सी ड्युओ' नावाने फिरले. त्या काळात काळ्या कलाकारांनीसुद्धा तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून यायचं असा दंडक होता. त्यांना सुचवलं होतं की फाटके कपडे घालून या, स्टेजवर खोक्यात पियानो असेल, तो बघून 'हे काय आहे बुवा' असं करा. म्हणजे ज्याचं पोट पियानोवर त्यानेच पियानो कधी बघितला नाही असं दाखवायचं! ते काही झालं नाही, दोघं टक्सिडो घालूनच उभे राहिले. मला तर त्याच्या सगळ्या रचनांपेक्षा हे मोठं वाटतं.

पायपेटी:
+१. आणि त्यातूनच १९२१ चं 'शफल अलाँग' हे संगीत नाटक, ५०४ प्रयोग झाले. त्यात काळ्या नायक-नायिकेचं खरंखुरं प्रेमगीत होतं, गोरं पब्लिक दंगा करेल या भीतीने सिसल आणि मंडळी मागच्या दाराजवळ पळायच्या तयारीत उभी, आणि ब्लेक बिचारा समोर पियानोवर अडकलेला. पब्लिकने उलट टाळ्या वाजवल्या. त्यातलंच 'आय एम जस्ट वाइल्ड अबाउट हॅरी' आधी वॉल्ट्झ (संथ, तीन ठोक्यांचं) होतं, नायिका लॉटी जी हिने हट्ट धरला म्हणून जलद केलं, आणि १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमनच्या निवडणूक प्रचाराला तेच वाजलं.

ठाणेकर_कीबोर्ड:
भारी! मधल्या काळात काय केलं? आणि डाव्या हाताचं सांगा ना कोणीतरी

मधुरा_एन:
मध्ये लोक विसरले. त्याने उतारवयात न्यूयॉर्क विद्यापीठात संगीत शिकून डिग्री घेतली, मग १९६९ मध्ये मोठी रेकॉर्ड आली आणि परत मागणी सुरू, १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्षांकडून मेडल.
हाताचं म्हणशील तर त्याचा पंजा सा पासून वरच्या सप्तकातल्या प पर्यंत पोचायचा, तिथे बरोबरी करायला जाऊ नकोस, मनगट दुखवून घेशील. लांबच्या जोड्या सरळ फोडून वाजव, खालचा सूर ठोक्याच्या किंचित आधी. आणि आधी नुसता डावा हात, अर्ध्या लयीत.