इंग्रजी ‘मॉन्गूस’ हा शब्द मराठी ‘मुंगूस’वरून आला आहे का?

प्रश्न:
सातवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने ‘मॉन्गूस’चे अनेकवचन ‘मॉन्गीस’ असे लिहिले, कारण ‘गूस’चे ‘गीस’ होते. बाईंनी ते खोडून ‘मॉन्गूसेस’ केले. या शब्दातला ‘गूस’ म्हणजे तो पक्षीच आहे का, आणि हा शब्द आपल्या मुंगसावरून गेला हे कितपत खरे आहे?

प्रतिसाद १:
बाईंची दुरुस्ती योग्य आहे. हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत दिसू लागला आणि बहुतेक इंग्रजी कोश त्याचे मूळ मराठीच देतात. आरंभी त्याचे स्पेलिंग स्थिर नव्हते; ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशातही तो ‘मंगूस’ असाच आहे. शेवटचे अक्षर ओळखीच्या ‘गूस’सारखे ऐकू आल्याने तसे लिहिले गेले, यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. पक्ष्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

प्रतिसाद २:
‘गीस’बद्दल थोडे सांगतो, कारण भाचीचा तर्क मला फार आवडला. ‘गूस-गीस’, ‘फूट-फीट’, ‘टूथ-टीथ’ या जोड्यांच्या अनेकवचनी प्रत्ययात फार पूर्वी ‘इ’ हा स्वर होता. त्याच्या प्रभावाने आधीचा स्वर बदलला आणि पुढे प्रत्यय झिजून गेला, तरी बदललेला स्वर मात्र टिकला. ही प्रक्रिया हजार वर्षांपूर्वीच थांबली होती, त्यामुळे नंतर आलेल्या शब्दांना ती लागू झाली नाही. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेल्या ‘मूस’ (एक मोठे हरीण) या शब्दाचेही म्हणूनच ‘मीस’ होत नाही. भाचीला एक गोष्ट अवश्य सांगा: ‘गूस’ आणि संस्कृत ‘हंस’ हे एकाच प्राचीन धातूपासून आलेले सगोत्र शब्द आहेत.

प्रतिसाद ३:
पहिल्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. ‘हॉब्सन-जॉब्सन’ने हा शब्द तेलुगू मानला आहे, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. तेलुगूत ‘मुंगिस’ आहे, कन्नडमध्ये ‘मुंगुसि’ आहे. उलट संस्कृतात ‘नकुल’ आणि त्यावरून हिंदीत ‘नेवला’. म्हणजे आपला शब्द संस्कृतातून उतरलेला दिसत नाही, तो दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडून मराठीत आला असावा, असे माझे मत आहे. इंग्रजांनी तो मराठी मुलखात ऐकला असला, तरी त्याचे श्रेय एकट्या मराठीला देऊ नये.