'अँकरिंग'ला मराठीत काय म्हणावं?

फोंडेकर: ओळखीच्या एका समुपदेशिकेसाठी एनएलपीची (विचार-भावना बदलण्याची एक पद्धत) ओळख करून देणारं पत्रक मराठीत करतोय. 'न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग' हे नाव तसंच ठेवलं, 'ब्रीफ थेरपी'ला 'अल्पकालीन उपचार' केलं. अडलो 'अँकरिंग'पाशी. शांत वाटलेला एखादा प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, ती भावना ऐन भरात आली की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबायची. चारदा असं केलं की पुढे नुसती बोटं दाबली तरी ती भावना परतते, असं एनएलपीवाले सांगतात. अँकर म्हणजे होडीचा नांगर, म्हणून मी लिहिलं 'भावनांची नांगरणी'. आईने वाचून विचारलं, "याला सबसिडी किती रे?"

मांडवीकाठ: आईचं बरोबर आहे. नांगरणी शेताची. होडी आपण नांगरून ठेवतो, तिची 'नांगरणी' कोण करतं?

जुनी वही: मुळात हे दोन नांगरच वेगळे. शेतातला संस्कृत 'लांगल'वरून आला, होडीचा फारसी 'लंगर'वरून. 'ल'चा 'न' झाला आणि दोघे एकाच घरात नांदायला लागले.

रांपणकाराची सून: माझं माहेर सत्तरीचं, तिथे नांगर म्हणजे शेतच. सासर मासेमारांचं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्याआधी सासरे म्हणाले, "नांगर काडून दवर गो" (काढून ठेव). मी गोठा शोधत फिरले. घराला गोठाच नव्हता!

शुद्धमती: 'उपचार' मराठीत, मग 'प्रोग्रॅमिंग' का सोडलंत? 'चेताभाषिक आज्ञावली' म्हणा.

मांडवीकाठ: आणि ते वाचून पेशंट पत्रकाची घडी करून त्यात चणे बांधील.

डिचोलीवाली: 'खूणगाठ' का नको? आजी पदराला गाठ मारायची. संध्याकाळी हाताला लागली की, "अगो, पोस्टात जायचं राहिलं!" स्पर्श झाला की मनातलं वर येतं. बोटं दाबणं म्हणजे तेच नव्हे का?

शुद्धमती: खूणगाठ आठवणीची असते, निश्चयाची असते. भावनेची ऐकली नाही कधी.

डिचोलीवाली: तुम्ही ऐकली नाही म्हणजे नाहीच का हो?

मानसशास्त्रवाला: गाठीआधी तो 'उपचार' तपासा. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात बँडलर आणि भाषाशास्त्रज्ञ ग्रिंडर यांनी एनएलपी उभं केलं. सॅटिर, पर्ल्स, एरिक्सन असे नावाजलेले उपचारक रुग्णाशी बोलतात कसे, ते टिपून त्याची रीत बसवली. कल्पना मला आवडते. पण गुण येतो याला पुरावा तुटपुंजा आहे. नजर कुठे वळली यावरून खोटं ओळखता येतं, हा त्यांच्यातल्या अनेकांचा दावा २०१२ साली प्रयोगात तपासला, तोही टिकला नाही. 'पद्धत' लिहा, 'उपचार' नको. बोटं दाबण्याचं म्हणाल, तर पावलॉव्हची घंटा आणि कुत्रा आठवा: घंटेपाठोपाठ खाणं मिळत गेलं की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते.

जुनी वही: पण 'उपचार'चा अर्थ निव्वळ औषधपाणी नाही. पूजेचेही सोळा उपचार असतात. 'उपचारापुरतं बोलला' म्हणतोच ना आपण?

मानसशास्त्रवाला: मग तर नकोच.

फोंडेकर: पत्रक उद्या छापायला जायचंय. 'खूणगाठ' टाकू की 'अँकरिंग'च ठेवू?

मांडवीकाठ: डिचोलीवाल्या ताई, तुमच्याकडे शेतातल्या नांगराला जोत म्हणतात ना?

डिचोलीवाली: छे! जोत म्हणजे बैल जुंपून सगळंच. 'जोत धरलं' म्हणजे नांगरायला सुरुवात झाली.

रांपणकाराची सून: सत्तरीत मात्र लाकडालाच जोत म्हणायचे. माझे बाबा खांद्यावर जोत घेऊन जायचे, बैल पुढे.