जुलाबावर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक: बंद व्हायला हवं की नको?

गिरणाकाठ
पावसाळा लागला की आमच्या चाळीसगाव-पाचोरा पट्ट्यात घरोघरी कुणाला ना कुणाला जुलाब होतात. मेडिकलवर जायचं, ‘संडास बंद व्हायची गोळी द्या’ म्हणायचं, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या चार गोळ्या कापून मिळतात. दोन खाल्ल्या की बरं वाटतं, उरलेल्या डब्यात. माझं म्हणणं, हे बंद झालंच पाहिजे.

लहान मुलांचे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात. त्यांना ही गोळी शिवतही नाही. मरतात ते आतड्यातले आपले नेहमीचे जंतू. ज्यांच्याकडे औषध पचवायचं जनुक आहे ते वाचतात आणि रिकाम्या जागी वाढतात. हे जनुक बऱ्याचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या कड्यावर असतं. एक जंतू दुसऱ्याला चिकटतो आणि त्या कड्याची प्रत देऊन टाकतो. दुसरा त्याच जातीचा असायलाही हवं असं नाही, ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूकडून क्लेब्सिएला या दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही ते जातं.

वहिनीला उन्हाळी लागली तेव्हाचा लघवीचा कल्चर रिपोर्ट मी पाहिलाय. त्यात लघवीतल्या जंतूंवर कोणतं औषध चालतं ते लिहितात: ‘आर’ म्हणजे चालत नाही, ‘एस’ म्हणजे चालतं. अँपिसिलिनपुढे ‘आर’, सेफिक्झिमपुढे ‘आर’, सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘आर’. ‘एस’ होतं ते अमिकासिन आणि मेरोपेनेमपुढे, दोन्ही सुईतून द्यायची औषधं. लघवीच्या अशा त्रासातले जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातून आलेले असतात.

मेडिकल_अमळनेर
दुकानदाराला झोडपणं सोपं आहे, भाऊ. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच1, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या आणि वहीत नोंदवायच्या औषधांची सरकारी यादी, लागू आहे. सेफिक्झिम विकलं की पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, सगळं वहीत लिहितो आणि वही तीन वर्षं सांभाळतो. काही दुकानांत गोळ्या परस्पर कापून देतात हे खरं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांच्या चिठ्ठ्या तुम्ही वाचल्यात का? साध्या जुलाबाला तीच ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, वर एक इंजेक्शन. चिठ्ठीची सक्ती केली तर गोळी तीच राहील, गरिबाचे तपासणीचे पैसे तेवढे वाढतील.

साक्रीकर
आमना गावमा डॉक्टरच नही शे, मंग चिठ्ठी कोन दी? आरोग्य केंद्रात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. पोरगं पांढरं पडत चाललं असताना बाप चार गोळ्या आणतो, तर त्याला गुन्हेगार ठरवू नका. तुमचा नियम शहरापुरता ठीक.

गिरणाकाठ
साक्रीकर दादा, बापाला मी दोष देत नाहीच. पण पोरगं पांढरं पडतं ते अंगातलं पाणी जाऊन. त्याला वाचवतं ओआरएस, सोबत 14 दिवस झिंक. दोन्ही आशाताईंकडे फुकट मिळायला हवं, भांडायचं तर त्यासाठी भांडू. संडासात रक्त आलं, पोरगं सुस्त पडलं, पीत नसलं, तर मात्र मजुरी बुडाली तरी दवाखाना गाठायचाच.

पांझरा_ताई
सगळे गोळीवरच अडलेत. नेदरलँड्समध्ये परदेशी फिरून आलेल्या सुमारे 2,000 प्रवाशांची तपासणी झाली होती. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी जवळपास 75 टक्के लोकांनी अनेक सेफलोस्पोरिनना (सेफिक्झिमच्या गटातल्या अँटिबायोटिकना) न जुमानणारे आतड्यातले जंतू सोबत नेले, आणि त्यातल्या बहुतेकांनी प्रवासात एकही अँटिबायोटिक घेतलं नव्हतं. आपल्या अन्न-पाण्यातूनच हे पोटात गेलं. आमच्याकडे उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी नळ येतो, गटारातून गेलेली पाइपलाइन फुटलेली असते, तेच पाणी आम्ही साठवून पितो. गोळ्या बंद करून हे जंतू थांबणार आहेत का? आधी पाणी सुधारा.

गिरणाकाठ
ताई, पाण्याचं शंभर टक्के मान्य. पण त्याच अभ्यासात ज्यांनी प्रवासात अँटिबायोटिक घेतलं त्यांना हे जंतू चिकटण्याचा धोका जास्त निघाला. पाणी जंतू आणून सोडतं, गोळी त्यांना जागा करून देते. पाइपलाइन बदलायला वर्षं लागतील, गोळी आजपासून थांबवता येते.

केळीबाग_रावेर
आता शेतकऱ्यावर याल, म्हणून आधीच सांगतो. केळीला पोंगा सड (जंतूंमुळे झाड आतून सडण्याचा रोग) लागली की आम्ही कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी पाण्यात कालवून बुडाशी आळवणी करतो. नाही केली तर बाग जाते. जमिनीत ओतलेलं औषध माणसाच्या पोटात काय करणार?

पांझरा_ताई
दादा, त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं, दोन्ही माणसाची औषधं. एकाच प्लाझ्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुकं सोबत बसलेली असू शकतात. टेट्रासायक्लिनमुळे जो जंतू टिकला तो बाकीची जनुकंही घेऊनच टिकतो. मग माती, विहीर, हात. कोंबड्यांच्या खाद्यात कॉलिस्टिन, म्हणजे माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं अँटिबायोटिक, घालायचे, त्यावर सरकारने 2019 मध्ये बंदी आणली ती याच भीतीने. आमच्या शेजारी नवापूरला केवढा कुक्कुटपालनाचा व्यवसाय आहे, तुम्हाला माहीतच आहे.

केळीबाग_रावेर
मग पोंगा सडीला दुसरं खात्रीचं औषध द्या, उद्यापासून पुडी बंद करतो. बाग मरू देऊन नाही करणार.

मेडिकल_अमळनेर
माझंही तेच. जुलाब म्हटलं की आधी ओआरएसचं पाकीट पुढे करायला मी तयार आहे. पण गिऱ्हाईक पाकीट ठेवून शेजारच्या दुकानात जातं आणि तिथून गोळी घेतं. गावातली सगळी दुकानं आणि सगळे डॉक्टर एकाच दिवशी ठरवणार असतील तर सांगा, पहिली सही माझी.

गिरणाकाठ
अमळनेरच्या केमिस्टांची बैठक कधी असते ते कळवा. मी येतो, साक्रीकर दादांनाही घेऊन येतो.