अनुभव धागा: वर्गात उभं राहायला तुम्ही कुठे, कसे शिकलात?

धागा सुरू करताना (केंद्रप्रमुख, सातारा जिल्हा)

भरती, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, भरतीचं पवित्र पोर्टल, बदल्या यांवर आपण शिक्षक मंडळी तासन्‌तास बोलतो. त्याआधीची प्रशिक्षणाची दोन वर्षं मात्र कोणी उलगडून सांगत नाही. त्या अभ्यासक्रमाला पी.टी.सी. म्हणा, डी.एड. म्हणा, डी.टी.एड. म्हणा की आत्ताचं डी.एल.एड., अध्यापक विद्यालयाच्या वर्गात आणि सरावपाठाच्या शाळेत तुमच्या बाबतीत नेमकं काय घडलं, ते इथे लिहा.

आत्ताच का, तेही सांगते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता व्हावी असं म्हटलं आहे. राज्यातली कितीतरी अध्यापक विद्यालयं विद्यार्थ्यांअभावी आधीच बंद पडली आहेत. बारावीनंतरचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मागे पडेल, तेव्हा त्यातलं काय जपून पुढे न्यायचं हे तो केलेल्यांनीच सांगायला हवं.

माझं मत आधीच मांडते. खऱ्या मुलांसमोर घेतलेला पाठ, तो मागे बसून बघणारं जाणतं माणूस, आणि पाठ संपल्यावर त्याच दिवशी होणारी चर्चा, या तीन गोष्टी मिळाल्या तर शिक्षक घडतो. बाकीचं पुस्तकातून मिळतं. पटत नसेल तर तसंही लिहा.

निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

मी शासकीय अध्यापक विद्यालयात, वसतिगृहात राहून शिकले. संध्याकाळी फलकलेखनाचा सराव असायचा. फळे ओळीने लावलेले, एकेका फळ्यापुढे एकेक मुलगी. नवा खडू आधी मोडून घ्यायचा, कारण लांब खडू फळ्यावर किरकिरतो. फळ्याशी थोडं तिरकं उभं राहायचं, म्हणजे लिहितानाही वर्ग नजरेआड होत नाही. ओळ उजवीकडे जाताना वर चढते, म्हणून हात ताणण्याऐवजी एकेक पाऊल सरकत लिहायचं. आमच्या बाई मागच्या भिंतीपाशी जाऊन जमिनीवर बसायच्या, पहिलीतलं मूल बसतं तशा. तिथून जे वाचता यायचं नाही ते पुसायचं आणि पुन्हा लिहायचं.

पण मला खरं शिकवलं ते वेगळ्याच एका तासानं. पहिलीत ग, म, भ, न आधी का घ्यायचे? त्यांची वळणं एकमेकांच्या जवळची आहेत, आणि तेवढ्या चार अक्षरांत मग, मन, नभ, गगन असे शब्द लगेच तयार होतात. हे सांगून झाल्यावर बाईंनी आम्हाला डाव्या हाताने गमभन लिहायला लावलं. ज्या डावखुऱ्या होत्या त्यांना उजव्या हाताने. अर्धं पान भरेपर्यंत बोटं आखडली, रेघा वाकड्यातिकड्या, कपाळाला घाम. बाई म्हणाल्या, "तुमच्यापुढे बसणाऱ्या प्रत्येक मुलाचा हात आत्ता असाच आहे."

त्यानंतर सबंध नोकरीत पहिलीच्या मुलाला "भरभर लिही" म्हणायला माझी जीभ कधी उचलली नाही.

एक वाचक, नाशिक

मी शिक्षक नाही, आईबद्दल लिहिते. ती सातवीची फायनल पास होऊन शाळेत लागली आणि नोकरीतून पुढे पी.टी.सी.ला गेली. घरी लहान मूल, म्हणजे माझा मोठा भाऊ, आजीकडे ठेवून. तिच्या पाठ टाचणांच्या, म्हणजे तासाच्या पूर्वतयारीच्या, वह्या अजून आमच्याकडे आहेत. प्रत्येक टाचणाच्या शेवटी तिने स्वतःसाठी एक ओळ लिहिलेली आहे: "आज कोण गैरहजर होतं आणि त्याला हे कधी सांगायचं." ही सवय तिला प्रशिक्षणातच लावली होती, असं ती सांगायची.

शिक्षक, बीड

पाठ निरीक्षणाच्या वहीबद्दल लिहितो. त्यात ठरलेले रकाने असतात: हेतुकथन (आज काय शिकायचं ते मुलांना सांगणं), प्रश्नांचं वितरण, फलकाचा वापर, आवाजातला चढउतार. मित्राचा पाठ चालू असताना आपण मागे बसून ते भरायचे. बरेच जण सगळीकडे "चांगले" लिहून मोकळे व्हायचे.

एक दिवस आमचे सर म्हणाले, आज रकाने राहू द्या. वर्गातलं एक मूल निवडा आणि तास संपेपर्यंत फक्त त्याच्याकडे बघा. मी मधल्या रांगेतली एक मुलगी निवडली. पाठ छान रंगला होता, मुलं हात वर करत होती. ही मुलगी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, बहुतेक वेळा बरोबर. हात मात्र एकदाही वर गेला नाही, म्हणून तिला एकही प्रश्न आला नाही. दुसऱ्या मित्राने निवडलेला मुलगा पूर्ण वेळ खोडरबराचे तुकडे करत होता, कारण पहिल्याच उदाहरणाला तो अडकला होता. चर्चेत प्रत्येकाने आपापल्या मुलाची हकीकत सांगितली. ज्याचा पाठ होता तो शांतपणे सगळं लिहून घेत होता.

मी अजून माझ्या वहीत नावांपुढे खुणा करतो, आठवड्यात कोणाला विचारलं, कोण राहिलं. हजेरी वेगळी आणि ही वेगळी.

शिक्षिका, पुणे जिल्हा

मी डी.एल.एड.ला असताना, 2019 च्या जूनमध्ये, दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून मोठा गदारोळ झाला. त्यात एकवीस, बावीस यांच्या जोडीला "वीस एक", "वीस दोन" असं वाचन दिलं होतं. टीव्हीवर, विधानसभेत, घराघरांत त्यावर वाद. आमच्या मॅडमनी वर्गात वादविवाद घेतला नाही. आम्हाला थेट शेजारच्या शाळेत नेलं आणि सांगितलं, दुसरीच्या मुलांना संख्या सांगा आणि ती कशी लिहितात ते नीट बघा.

"सत्तावीस" म्हटल्यावर काही मुलांनी आधी 7 लिहिला आणि मग त्याच्या डावीकडे 2. काहींनी सरळ 72. "एकोणतीस"ला तर त्याहून गोंधळ, कारण त्यात नऊ कुठेच ऐकू येत नाही, तीस मात्र ऐकू येतं. म्हणून पाटीवर 39. बाहेर एवढा वाद चालला होता आणि आमच्यापुढे मुलं नेमकी कुठे अडखळतात ते दिसत होतं.

मग आठवडाभर काड्या. दहा काड्यांना रबर लावलं की तो दशकाचा गठ्ठा, उरलेल्या सुट्या एकक. 32 मधून 15 काढायचे तर मुलाजवळ तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. पाच सुट्या द्यायच्या आहेत, जवळ दोनच. मूल थोडा वेळ थांबतं आणि आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढतं. आता सुट्या बारा, त्यातल्या पाच गेल्या, सात उरल्या. दोन गठ्ठ्यांतला एक गेला, एक उरला. सतरा. तुम्ही एक शब्दही बोललेला नसता. फळ्यावरची हातच्याची मांडणी मी यानंतरच आणते, आणि ज्या वर्गात काड्यांना पुरेसा वेळ दिला तिथे ती मांडणी समजावावी लागत नाही, नुसती दाखवावी लागते.

माझ्या मते दोन्ही वाचनं राहावीत. "वीस सात"मुळे मराठी बुडत नाही, आणि सत्तावीस तर मूल घरीदारी ऐकतच असतं.

शिक्षक, सोलापूर जिल्हा

माझा अनुभव कडू आहे, पण तोही इथे असायला हवा.

ज्या काळात गावोगावी डी.एड. कॉलेजं उघडली त्या काळातला मी. बारावीला चांगले गुण असलेली पोरं तेव्हा डी.एड.च्या यादीकडे डोळे लावून बसायची, दोन वर्षांत नोकरी असा हिशोब होता. वडिलांनी उसनवारी करून फी भरली. आमच्या कॉलेजात हजेरी लागायची, तास होत नसत. टाचणं आधीच्या तुकडीच्या फायलींवरून उतरवायला सांगत. तक्ते दुकानात तयार मिळत. सरावपाठ झाल्याची नोंद कागदावर व्हायची, शाळेत कोणी नेतच नव्हतं. शिकायला आलेल्या मुलांना शिकवायचं नाही आणि वर त्यांच्या हाती शिकवण्याचं प्रमाणपत्र द्यायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहेच. त्याहून मोठा अन्याय पुढे त्यांच्या हाती येणाऱ्या लेकरांवर आहे.

मला वाचवलं ते छात्रसेवाकालानं, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळानं. तो तरी खऱ्या शाळेत काढावा लागला. तिथल्या मुख्याध्यापक गुरुजींनी पहिल्याच दिवशी ओळखलं की आम्हाला काहीच दिलेलं नाही. त्यांनी फार मोठं काही केलं नाही. म्हणाले, आज तिसरीला एक गोष्ट सांग. सांगितली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता तीच गोष्ट मुलांकडून काढून घे, तू फक्त "मग?" एवढंच म्हणायचं. तिसऱ्या दिवशी ती मुलांनी सांगितली तशी, त्यांच्याच शब्दांत, फळ्यावर लिही आणि त्यांनाच वाचू दे. ज्या पोरांना पुस्तक वाचता येत नव्हतं ती स्वतःचं वाक्य फळ्यावर ओळखून पुढे आली, बोट ठेवून वाचायला लागली. भाषा कशी शिकवायची ते मी त्या तीन दिवसांत शिकलो.

पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. 2010 च्या सीईटी या भरती परीक्षेनंतर भरती थांबली, पुढची भरती परीक्षा म्हणजे अभियोग्यता चाचणी (टेट) व्हायला डिसेंबर 2017 उजाडलं. माझ्याबरोबरची कितीतरी मुलं तोवर शेतीत, दुकानात, कंपनीत गेली. त्यांच्यात फार चांगले शिक्षक होते.

शिक्षक, धडगाव तालुका, नंदुरबार

वरच्या शेवटच्या ओळीशी पूर्ण सहमत.

मी पश्चिम महाराष्ट्रात डी.एड. केलं. कॉलेज चांगलं होतं, पाठ मनापासून घेतले जायचे. पण सरावाची शाळा शहरातली, वर्ग भरलेला, सगळी मुलं मराठी बोलणारी. शिक्षण सेवक म्हणून 3000 रुपये मानधनावर सातपुड्यातल्या पाड्यावर रुजू झालो. तिथे मुलांची भाषा पावरी, आणि एका खोलीत चार इयत्ता. एक शिक्षक, एक विषय, एक इयत्ता, पस्तीस मिनिटं, अशी टाचणं काढायला शिकलेल्या माणसानं इथे काय करायचं?

दोन गोष्टी कामी आल्या. पहिली म्हणजे आमची शैक्षणिक सहल. ती कोसबाडला गेली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथल्या वारली मुलांसाठी केलेलं काम आम्ही पाहिलं, ऐकलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला जातात तर कुरणात भरवायची. सहलीच्या वहीत मी ते परीक्षेपुरतं लिहिलं होतं, पाड्यावर ते पान पुन्हा काढलं. मी मुलांबरोबर नदीवर, शेतात जायला लागलो. ती दाखवतील त्या वस्तूचं पावरी नाव मी लिहून घ्यायचो आणि माझं नाव त्यांना सांगायचो. माझे उच्चार ऐकून पोरं खूप हसायची, आणि हसताना बोलायला लागायची. पहिल्या महिन्यांत ती माझी शिक्षक होती.

दुसरी गोष्ट डाएटचं (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचं) बहुवर्ग अध्यापनाचं प्रशिक्षण. परिपाठ, गोष्ट आणि गाणी चारही इयत्तांना एकत्र घ्यायची, मग गट पाडायचे. तिसरी-चौथीच्या मुलांना आधी काम लावून द्यायचं आणि पहिली-दुसरीजवळ जमिनीवर बसायचं. चौथीच्या मुलीने पहिलीच्या मुलाला वाचून दाखवलं की दोघांचंही वाचन होतं. सेवेत लागल्यावर कळलेल्या या गोष्टी. द्विशिक्षकी शाळा महाराष्ट्रात हजारोंनी आहेत, तर प्रत्येक छात्राध्यापकाचे निदान काही पाठ अशा शाळेत व्हायलाच हवेत. नव्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात कोणाचं ऐकलं जाणार असेल तर माझं एवढं ऐका.

शिक्षिका, वय 50 च्या पुढे, विदर्भ

1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, सेवा पाच वर्षांहून जास्त उरलेल्या आम्हा जुन्या शिक्षकांनाही टीईटी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायची आहे. बालमानसशास्त्राची पुस्तकं पुन्हा काढली आहेत. परीक्षेची भीती आहे, पण एक खरं सांगते: पियाजे या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेल्या मुलांच्या वाढीच्या अवस्था डी.एड.ला असताना पाठ केल्या होत्या, आता वाचताना प्रत्येक ओळीला वर्गातलं एखादं पोर आठवतं.

छात्राध्यापिका, डी.एल.एड. दुसरं वर्ष, अकोला

तुमचं सगळं वाचतेय, खूप बरं वाटलं. आमच्या तुकडीत मुलं थोडी आहेत, त्यामुळे मॅडमना प्रत्येकाचा पाठ बघायला वेळ मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2023 च्या निकालाने पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही हे स्पष्ट झालं, तेव्हा आमच्या घरच्यांना हा कोर्स पुन्हा महत्त्वाचा वाटायला लागला.

एक विचारायचं होतं. सूक्ष्म अध्यापनाचा खरंच उपयोग होतो का? सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं शिकवणं, सहा मिनिटं प्रत्याभरण. समोर आपल्याच मैत्रिणी मुलं होऊन बसलेल्या. त्यांना उत्तरं येतात. आणि आंतरवासितेच्या (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळाच्या) वेळीच टीईटी आणि टेटचा अभ्यास येतो, तेव्हा काहीजणी शाळेत जाणं टाळून क्लासला जातात. मी जात नाही, पण मागे पडेन का अशी धास्ती वाटते.

अध्यापकाचार्य (अध्यापक विद्यालयातले शिक्षक), कोल्हापूर

ताई, सूक्ष्म अध्यापनाचा उपयोग एकाच गोष्टीसाठी करून घ्या: प्रश्न विचारल्यावर थांबणं. तेवढं एक कौशल्य मैत्रिणींसमोरही शिकता येतं. प्रश्न विचारा, मनात पाच अंक मोजा, मग नाव घ्या. नवशिक्या शिक्षकाला ही शांतता सोसत नाही आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. सहा मिनिटांत पाच-सहा वेळा ही सवय घोटता येते. बाकीची कौशल्यं खऱ्या वर्गातच येतील.

आंतरवासिता सोडू नका. परीक्षेचा अभ्यास पहाटे करा, रात्री करा, पण शाळेचे दिवस पुन्हा मिळत नाहीत. नोकरी लागल्यावर तुमचा पाठ बघायला मागे कोणी बसणार नाही.

मी मागे बसतो तेव्हा काय बघतो तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला मॅडमना विचारता येईल. पहिली दहा मिनिटं मी छात्राध्यापकाकडे बघतच नाही, मुलांच्या वह्यांकडे बघतो. पाठ संपल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, "आज कोणाला समजलं नाही असं तुला वाटतं?" ज्याला दोन नावं सांगता येतात त्याच्याशी पुढची चर्चा सोपी असते. तुमच्या मॅडमना सांगा की मला "छान" नको, ही नावं शोधायला मदत करा.

आणि पुढच्या आंतरवासितेत पहिलीचा वर्ग मागून घ्या. बहुतेक जण चौथी-पाचवी मागतात, कारण ती मुलं शांत बसतात. पहिलीत बसून गोष्टीपासून सुरुवात करा. रुजू होताच तिथल्या बाईंकडे जा आणि प्रत्येक मूल घरी कोणती भाषा बोलतं ते लिहून घ्या.