साडेसाती आणि गुरूची महादशा एकत्र असताना व्यवसायाचा निर्णय कशावरून घ्यावा? मदत हवी आहे

आमचा रावेर परिसरात केळीच्या घाऊक खरेदी-विक्रीचा व्यवसाय असून, केळी पिकवण्यासाठी स्वतःचे रायपनिंग चेंबर उभारण्याचा विचार आहे. त्यासाठी बँकेचे कर्ज घ्यावे लागेल आणि व्यवहार धाकट्या भावाच्या नावे होईल. त्याचे वय 30, वृश्चिक लग्न, कुंभ रास, शततारका नक्षत्र. गुरू धनस्थानी (कुंडलीतील दुसऱ्या, पैशाच्या स्थानी) स्वराशीत असून त्याचीच महादशा (त्या ग्रहाचा प्रभाव मानला जाणारा कालखंड) 2029 पर्यंत आहे.

शनी 29 मार्च 2025 रोजी मीनेत गेल्यापासून कुंभेची साडेसाती शेवटच्या अडीचकीत (अडीच वर्षांच्या टप्प्यात) आहे. जळगावच्या एका ज्योतिषांनी ती संपेपर्यंत कर्ज घेऊ नये असे सांगितले, तर भुसावळच्या दुसऱ्यांच्या मते धनेशाची (धनस्थानाच्या स्वामीची, म्हणजे इथे गुरूची) दशा असताना गोचराला (ग्रहांच्या सध्याच्या भ्रमणाला) एवढे महत्त्व देण्याचे कारण नाही. दोघांनाही जन्मवेळ एकच दिली होती, हे मुद्दाम सांगतो. शिवाय 3 जून 2027 रोजी शनी मेषेत जाऊन ऑक्टोबरमध्ये वक्री (उलट) गतीने पुन्हा मीनेत येतो आणि फेब्रुवारी 2028 मध्ये कायमचा बाहेर पडतो, त्यामुळे ‘संपेपर्यंत’ म्हणजे नेमके कधीपर्यंत, हाही घोळ आहे.

बँकेला दोन महिन्यांत उत्तर द्यायचे आहे. जमाखर्चाचे गणित आम्ही स्वतंत्रपणे तपासले आहे. रत्ने, शांती वगैरे उपाय नकोत. जाणकारांनी एवढेच सांगावे, की धनविषयक प्रश्नात दशा आणि गोचर परस्परविरोधी असतील तर परंपरेने प्राधान्य कशाला दिले जाते, आणि साडेसातीची समाप्ती पहिल्या राश्यंतरापासून धरतात की शेवटच्या?